जेवणाऱ्यांसमोरची मैफल

१५ ऑगस्ट १९८८. दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ पहिल्यांदा लागले आणि त्यातला पहिला आवाज होता पंडित भीमसेन जोशी यांचा. आमच्या गदग भागातला मुलगा, कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पडेल ते काम करत गाणे शिकलेला. भैरवीतली ती चाल अशोक पत्की यांची. एवढे मराठी माणसाला ठाऊक असते आणि तो ते अभिमानाने सांगतो. त्या गाण्याच्या वाद्यमेळाची बांधणी लुई बँक्स यांची होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. बँक्स १९४१ साली दार्जिलिंगच्या एका नेपाळी घरात जन्मले. वडील ट्रम्पेट वाजवत. मुलगा पियानोकडे वळला आणि कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर, ‘ब्लू फॉक्स’ नावाच्या रेस्टॉरंटमध्ये, लोक जेवत असताना जॅझ वाजवून त्याने नाव कमावले. राहुल देव बर्मन यांनी त्यांना तिथेच ऐकले. पुढे ते मुंबईला आले, चित्रपटांत वाजवू लागले, जाहिरातींचे संगीत करू लागले आणि १९८८ साली किराणा घराण्याच्या एका मोठ्या गवयाच्या आवाजाभोवती त्यांनी वाद्ये मांडली.

कुंदगोळचा वाडा आणि पार्क स्ट्रीटवरचे जेवणघर, ही दोन्ही ठिकाणे त्या गाण्यात एकत्र आली आहेत. पहिल्या ठिकाणाला आपण तीर्थक्षेत्र मानतो. दुसऱ्याबद्दल आपल्याला कुतूहलही नाही. हा लेख त्या दुसऱ्या ठिकाणाबद्दल आहे, आणि मी तो हुबळीच्या गोकुळ रोडवरून लिहितो आहे, कारण हा प्रश्न मला इथेच पडला.

गोकुळ रोड म्हणजे होसूरकडून विमानतळाकडे जाणारा रस्ता. वायव्य कर्नाटक परिवहनचे मुख्य कार्यालय याच रस्त्यावर, औद्योगिक वसाहतही इथलीच. गाड्यांची दालने, दवाखाने, नव्या वसाहती आणि संध्याकाळी भरणारी हॉटेले. ज्वारीच्या भाकरीची खानावळ आहे, उभ्याने इडली खाण्याची सोय आहे आणि घरच्या सगळ्यांना घेऊन जावे अशी वातानुकूलित रेस्टॉरंटेही आहेत. यांतल्या काही ठिकाणी शनिवार-रविवारी कोपऱ्यात एखादा गायक उभा असतो. एक माइक, एक स्पीकर आणि मोबाइलवरून वाजणारा ‘ट्रॅक’. तो डॉ. राजकुमार यांची कन्नड गाणी गातो, किशोरकुमार गातो, मधूनच एखादे मराठी भावगीतही गातो, कारण या शहरात मराठी टेबले पुष्कळ असतात. वाढदिवसाचा केक आला की त्याला थांबवून वाढदिवसाचे गाणे म्हणायला लावतात. टाळ्या केक कापणाऱ्याला मिळतात.

हे बघताना मला नेहमी वाटते की त्या ट्रॅकमध्ये जो ट्रम्पेट वाजतो, जो सॅक्सोफोन दोन कडव्यांमध्ये येऊन जातो, तो मुळात ज्या माणसांनी वाजवला तीही अशीच कोपऱ्यात उभी राहत. जेवणाऱ्यांसमोर. आपल्या कानांवर त्यांचे फार मोठे ऋण आहे आणि त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

सुरुवात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलपासून करायला हवी. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला चमू घेऊन तिथे आले. त्यांच्या मागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हते, ते इथे संस्थानिक आणि साहेब लोकांसमोर रोज रात्री वाजवत. वेदरफोर्ड तर पूर्वेकडचेच होऊन गेले. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने त्यांचे निधन झाले. या परदेशी चमूंमध्ये आणि त्यांच्या आसपास वाजवणारे भारतीय वादक बहुतेक गोव्याचे होते. जॅझ भारतात रुजला तो त्यांच्या हातून. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात हा सारा इतिहास कष्टाने गोळा केला आहे. मराठीत तसे पुस्तक व्हायला हवे होते, कारण ते घडले ते आपल्याच मुंबईत.

गोव्याचेच लोक का, याचे उत्तर तिथल्या चर्चमध्ये आहे. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत आणि तिथला संगीतशिक्षक मुलांना सात-आठ वर्षांच्या वयापासून स्वरलिपी वाचायला शिकवी. आधी नुसते सूर म्हणून दाखवायचे, मग व्हायोलिन हातात यायचे. गरीब घरातला मुलगाही कागदावरचे संगीत पुस्तक वाचावे तसे वाचू शकत असे. गोव्यात मात्र या विद्येला पोट भरण्याइतके काम नव्हते. १८८८ साली मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली, पलीकडून ती सदर्न मराठा रेल्वेला जोडली गेली, आणि व्हायोलिनच्या पेट्या घेतलेली ही मुले घाट चढून वर येऊ लागली. लोंढ्याला रुळांची फाटाफूट होते. एक वाट बेळगाव, मिरज, पुण्याहून मुंबईला जाते, दुसरी धारवाड-हुबळीकडे. बहुतेकांनी पहिली वाट धरली.

मुंबईत धोबीतलाव, माझगाव, गिरगाव भागात गावागावाच्या ‘कुडी’ होत्या. एका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली ती मुक्कामाची जागा. एक ट्रंक, एक चटई, भिंतीवर सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, तसबीर आणि रोजचा रोझरी. तिथे राहून काम शोधायचे. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आल्फ्रेड या इराण्याकडे वादक जमत आणि कोणाला कुठे वादक हवा आहे याची बातमी तिथेच कळे. कोणी संस्थानिकांच्या बँडमध्ये गेले, कोणी रेल्वे कॉलन्यांतल्या नाचांना वाजवायला, कोणी मूकपटांच्या थिएटरात, कोणी लाहोर-मसुरीच्या हॉटेलांत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना ज्यांनी भरजरी वाद्यमेळ दिला ते सेबास्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड मसुरीत वाजवत होते. मिकी कुरैया यांनी १९३९ ते १९६० अशी एकवीस वर्षे ताजमध्ये बँड चालवला आणि त्या बँडमधून कित्येक वादक घडून बाहेर पडले. आपण संगीत विद्यालयांचे इतिहास लिहितो. हे बँडही विद्यालयेच होते.

आता हळदोण्याच्या एका माणसाकडे जरा थांबू या. आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. जगाला ठाऊक झाले ते चिक चॉकलेट या नावाने. ट्रम्पेट वाजवत आणि अधूनमधून गात. लुई आर्मस्ट्राँगची शैली त्यांनी इतकी आत्मसात केली होती की त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्यांचा बँड वाजे. आणि इथे या गोष्टीत नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा एक मराठी माणूस येतो, रामचंद्र चितळकर. आपले सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाण्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या ठेक्यावर लुब्ध झाला आणि गोव्याच्या वादकांना त्याने आपल्या कामात ओढले. १९४७ चा ‘शहनाई’, १९५० चा ‘समाधी’, १९५१ चा भगवानदादांचा ‘अलबेला’. चिक चॉकलेट त्यांचे सहायक झाले. ‘अलबेला’मध्ये तर ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. आजही एखाद्या गणपतीच्या मिरवणुकीत त्या चित्रपटाची गाणी वाजतात आणि पाय आपोआप हलतात. तो उत्साह गिरणगावातल्या भगवानदादांचा आहे, पुणतांब्याच्या चितळकरांचा आहे आणि हळदोण्याच्या वाझांचाही आहे.

सी. रामचंद्र चाल बांधत, गोव्याचे वादक ती कागदावर उतरवत, तिच्याखाली सुरांची जोड घालत आणि कुठे ब्रास उठावा, कुठे दबावा हे ठरवत. चित्रपटाच्या पाटीवर एकच नाव येई. मला हा अन्याय आजही बोचतो. सी. रामचंद्रांचे मोठेपण यामुळे तिळभर कमी होत नाही. ज्या पिढीला श्रेयनामावलीचे महत्त्व वाटत नव्हते तिच्याकडून ते राहिले असे म्हणता येईल, पण आपल्या पिढीला तरी ते दुरुस्त करायला कोणी अडवलेले नाही. चिक चॉकलेट यांनी स्वतंत्रपणेही संगीत दिले. १९५१ च्या ‘नादान’मध्ये तलत महमूद यांनी गायलेले गाणे जुन्या रसिकांना आजही पाठ आहे. ते त्यांचे आहे असे सांगितले की लोक चकित होतात. १९६७ साली, पन्नाशी ओलांडताच, ते गेले.

या वादकांचा दिवस कसा जाई? सकाळी नऊला ताडदेवच्या किंवा बांद्र्याच्या स्टुडिओत हजर. तिथे गाण्याचे ध्वनिमुद्रण, कधी एका दमात, कधी वीस वेळा. संध्याकाळी घरी येऊन शर्ट बदलायचा, बो लावायचा आणि आठच्या सुमाराला हॉटेलात. मध्यरात्र उलटेपर्यंत वाजवायचे. सकाळी पुन्हा नऊ. म्हणजे जो हात रात्री जॅझ वाजवी तोच हात दिवसा हिंदी चित्रपटाचे गाणे वाजवी, आणि रात्रीची सवय दिवसाच्या कामात उतरे. आपल्या चित्रपट संगीतात स्विंग, रुम्बा, चा-चा-चा आले ते संगीतकारांनी रेकॉर्डी ऐकल्या म्हणून, हे अर्धेच खरे. ते वाजवू शकणारी माणसे रोज रात्री त्याचा रियाज करत होती म्हणूनही आले.

हा रियाज कसला होता ते नीट समजून घ्यायला हवे, कारण हॉटेलातले वाजवणे म्हणजे हलके काम, हा समज इथेच मोडतो. संध्याकाळ ‘सेट’मध्ये वाटलेली असते. पाऊण तास वाजवायचे, थोडी विश्रांती, पुन्हा पाऊण तास. पहिल्या सेटला लोक सूप पीत असतात, बोलत असतात. तेव्हा आवाज चढवून चालत नाही. ट्रम्पेटच्या तोंडाला म्यूट बसवतात, ड्रमवर काड्यांऐवजी तारांचे ब्रश फिरवतात. बास आणि पियानो इतक्या खालच्या पट्टीत बोलतात की टेबलावरचे संभाषण मोडू नये, पण ठेका सुटता कामा नये. जेवणे आटोपत आली की नाचाचे संगीत. फॉक्सट्रॉटवर जोडपी फिरत असली की लय केसभर हलली तरी पायांना कळते. तालाची याहून कडक परीक्षा कुठल्या परीक्षागृहात होत असेल असे मला वाटत नाही. आणि रात्री उशिरा, नाचणारे थकले आणि उरले ते ऐकणारेच, की मग खरा जॅझ.

त्याची रचना आम्हा धारवाडकडच्या लोकांना सहज कळावी अशी आहे. बहुतेक जुन्या चाली बत्तीस मात्राखंडांच्या, म्हणजे ज्याला ते बार म्हणतात त्या बत्तीस बारांच्या असतात. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेक जण त्याच बत्तीस बारांच्या आवर्तनावर स्वतःचे काही रचतो. हवी तेवढी आवर्तने घेतो आणि पुढच्याकडे सोपवतो. शेवटी पुन्हा मूळ चाल. बंदिश, विस्तार आणि बंदिशीकडे परतणे ज्याला माहीत आहे त्याला इथे परके वाटू नये. फरक आहे तो मोठा आहे. किराणा गायकीत एकेका सुराशी थांबून त्याचा तळ गाठता येतो. जॅझ वादकाच्या पायाखाली दर बार-दोन बारांनी कॉर्ड, म्हणजे सुरांची जोड, बदलत असते. आत्ता शुद्ध असलेला सूर दोन मात्रांनंतर खुपू लागतो. म्हणून त्याला पुढची चार पावले आधीच ऐकू यावी लागतात. गंगूबाई हनगल यांच्या आवाजातला एक षड्ज ऐकून ज्यांचे डोळे भरतात, अशा माझ्या शहरातल्या रसिकांना मी सांगेन की ही वेगळ्या जातीची पण तितक्याच उंचीची बुद्धी आहे.

मुंबईत या संगीताचा खरा बहर आला तो चर्चगेटला. आज आपण ज्याला वीर नरीमन रोड म्हणतो त्या रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला पन्नास-साठच्या दशकांत एकाला लागून एक रेस्टॉरंटे होती: गेलॉर्ड, बॉम्बेलीज, ॲम्बॅसडर हॉटेल, ॲस्टोरिया हॉटेलमधले व्हेनिस, मरीन ड्राइव्हच्या वळणावर सूना महालमधले टॉक ऑफ द टाउन. संध्याकाळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेले तर दारादारांतून वेगवेगळा बँड ऐकू येई. रविवारी सकाळी जॅम सेशन असत आणि कॉलेजची मुले कॉफीच्या पैशांत ती ऐकत. नवल म्हणजे हे सारे दारूबंदीच्या काळात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने राज्यभर दारू बंद केली होती. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हाही मुंबई राज्यातच असल्याने आमच्याकडेही तोच कायदा. तरी चर्चगेटचे बँड थांबले नाहीत. लोक संगीतासाठी येत होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको.

ॲम्बॅसडरमध्ये पियानोवादक टोनी पिंटो यांचा चमू कित्येक वर्षे वाजवत होता. गेलॉर्ड हा संगीतकार जयकिशन यांचा अड्डा. त्यांचे टेबल ठरलेले असे, आणि १९७१ साली ते गेले तेव्हा त्या टेबलावर त्यांच्या आठवणीत मेणबत्ती लावून ठेवण्यात आली होती. गेलॉर्ड १९५६ सालचे, अजून सुरू आहे. व्हेनिसमध्ये मडगावकडचे ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी आणि मुंबईत वाढलेली कोवळ्या वयाची लॉर्ना कोर्देरो. कोंकणी गाण्याला जॅझच्या अंगाने नवा चेहरा देणारी ही जोडी. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट फ्रँक फर्नांड यांनी काढले तेही याच काळात. पुढे ख्रिस आणि लॉर्ना यांची वाट वेगळी झाली आणि लॉर्ना जवळजवळ पाव शतक गाणे सोडून बसल्या. १९९५ साली गोव्यात त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या तेव्हा गर्दी आवरेना. त्यांच्या आयुष्यावरून स्फुरलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा बारद्रॉय बार्रेतो यांचा कोंकणी चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. हॉटेलच्या मंचावरच्या बाईला काय काय सोसावे लागते ते त्यात आहे.

कलकत्त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. पार्क स्ट्रीटवर मोकॅम्बो, ब्लू फॉक्स, मूलाँ रूज; गायिका पॅम क्रेन; आणि मग करमणूक कराचा बोजा. रेस्टॉरंटात जिवंत संगीत ठेवायचे तर बिलावर जादा कर, अशी स्थिती आली आणि मालकांनी बँड बंद करून टेप लावली. डिस्को आलाच होता. पुढे सिंथेसायझरने स्टुडिओतल्या कामावरही घाला घातला. ज्यांना जमले ते परदेशी गेले, काही जहाजांवर वाजवू लागले, काही मुलांना शिकवू लागले. काहींनी वाद्य पेटीत ठेवले ते कायमचे.

तिथेच टिकून राहिलेल्यांत एक नाव कर्नाटकाचे आहे. कार्लटन किटो, जन्म बेंगळुरूचा, १९४२. गिटारवर बीबॉप वाजवायला ते रेकॉर्डी ऐकून स्वतःच शिकले. बीबॉप म्हणजे जॅझमधला सर्वांत अवघड, वेगवान प्रकार. कलकत्त्यात ते आयुष्यभर त्याला धरून राहिले. फॅशन बदलल्या, त्यांनी वाजवण्याचा प्रकार बदलला नाही. सत्तरीत असतानाही ओबेरॉय ग्रँडच्या चौरंगी बारमध्ये त्यांची गिटार ऐकायला मिळे. समोरचे पाहुणे बहुतेक कामानिमित्त शहरात आलेले, घटकाभर टेकून जाणारे. त्यांच्यातल्या किती जणांना कळत असेल की आपण देशातल्या अव्वल बीबॉप गिटारवादकासमोर बसलो आहोत? ‘फाइंडिंग कार्लटन’ हा माहितीपट सुशील कुरियन यांनी त्यांच्यावर केला नसता तर बाहेरच्या जगाला ते समजलेही नसते. २०१६ साली ते गेले. त्यांच्या जन्मराज्यात त्यांची आठवण ठेवणारे काही मला दिसलेले नाही.

आणि ब्राझ गोन्साल्विस. गोव्यात तिसवाडीतल्या नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक. मुंबईत वाजवले, कलकत्त्याला ब्लू फॉक्समध्ये लुई बँक्स आणि पॅम क्रेन यांच्यासोबत वाजवले, चित्रपटांत वाजवले. त्यांचा विवाह झाला चिक चॉकलेट यांच्या कन्येशी, गायिका इव्हॉन यांच्याशी. जॅझ वादकांमध्ये ज्यांनी आपल्या रागसंगीताकडे गंभीरपणे पाहिले त्यांत ब्राझ पहिल्या रांगेतले. ‘रागा रॉक’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका त्याच दिशेची. सॅक्सोफोनवर रागाचे सूर घ्यायचे, पण वाद्याचा जॅझी कंठ सोडायचा नाही. त्यांनी दोन भाषा नुसत्या शेजारी ठेवल्या नाहीत, दोन्हींमध्ये विचार केला. निरंजन झवेरी यांनी १९७८ साली मुंबईत जॅझ यात्रा सुरू केली, धोबीतलावजवळच्या रंगभवनच्या उघड्या मंचावर सॉनी रोलिन्ससारखा जगातला मोठा सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. त्या काळात ब्राझ आणि लुई बँक्स यांचा इंडो-जॅझ चमू देशातही गाजला आणि युरोपातही वाजवून आला. पुढे ब्राझ यांनी गोव्यात पर्वरीला घर केले. मन धर्माकडे वळले होते, आणि सॅक्सोफोनवर ते पत्नीबरोबर भक्तिसंगीत जॅझच्या अंगाने वाजवू लागले. ऐंशी ओलांडल्यावरही ते मंचावर उभे राहून वाजवत. सॅक्सोफोनला फुप्फुस लागते, ओठांची पकड लागते, दातांचा आधार लागतो. या वयात त्यातून गोल, भरलेला सूर काढणे ही गोष्ट कुठल्याही घराण्यात आदराने सांगावी अशी आहे.

सॅक्सोफोन आमच्या कर्नाटकाला परका नाही. दक्षिण कन्नडमधल्या सजीपमूडचे कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य ऐकले आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवण्याचा ध्यास घेतला. गमक निघावी म्हणून वाद्यातही त्यांनी फेरफार केले. १९८० च्या मुंबईच्या जॅझ यात्रेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी ते ऐकले आणि मंचावर जाऊन त्यांच्याबरोबर वाजवले. १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये कद्रींचा सॅक्सोफोन वाजला, २००४ साली पद्मश्री मिळाली. किनारी कर्नाटकात आज लग्नात, देवळाच्या उत्सवात सॅक्सोफोन वाजतो. घाटाखाली जे रुळले ते घाटावर रुळायला हरकत नसावी.

हरकत असते ती वेगळीच. आपल्या राज्यात ‘लाइव्ह बँड’ या शब्दाला वाईट वास लागला आहे. बेंगळुरूत या नावाखाली जे चालत असे त्यामुळे २००५ साली पोलिसांनी परवान्याचे नियम केले, रेस्टॉरंटांच्या संघटनेने ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ते नियम वैध ठरवले. ते नियम बेंगळुरूचे. पण राज्यात कुठेही सभ्य हॉटेलमालक ‘जिवंत संगीत’ म्हटले की दचकतो, यामागे तोच वास आहे. ट्रॅकवर गाणारा एक मुलगा ठेवणे त्याला सोपे वाटते. पियानो, बास, ड्रम आणि सॅक्सोफोन घेऊन बसलेली चार वयस्क माणसे त्याच्या डोळ्यांसमोर येतच नाहीत.

गोकुळ रोडला हे परवडणार नाही, असे मी मानत नाही. एका वाढदिवसाच्या मेजवानीवर इथे जो खर्च होतो त्यात गोव्याहून तिघा-चौघांचा चमू एका संध्याकाळपुरता यावा. रस्ता चार-पाच तासांचा. लागते काय? खालच्या आवाजाचा एक चांगला ॲम्प्लिफायर, टीव्ही बंद ठेवण्याची तयारी, वादकांना पाहुण्यांच्याच टेबलावरचे जेवण आणि ठरलेले मानधन त्याच रात्री हातात. पहिल्या सेटला फर्माइशींच्या चिठ्ठ्या घेऊ नयेत. दुसऱ्या सेटला सी. रामचंद्रांची दोन गाणी जरूर मागावीत, कारण ती या वादकांचीही आहेत. या शहराने सवाई गंधर्वांच्या परंपरेला कान दिला, तो कान काही एकाच संगीतापुरता बनलेला नाही. ज्यांच्या आजोबांनी कुंदगोळच्या मैफलीत रात्री जागवल्या त्यांच्या नातवांना बत्तीस बारांचे आवर्तन मोजायला एक संध्याकाळ पुरेल.

हॉटेलमालकांना माझी विनंती आहे की महिन्यातून एक शनिवार द्या. आणि वाचकांना एवढेच सांगेन, की तोवर वाट बघत बसू नका. ताजच्या आणि चर्चगेटच्या पिढीतले बहुतेक जण गेले, पण त्यांच्या हाताखाली शिकलेले वादक गोव्यात पणजीपासून कळंगुटपर्यंत अजून रेस्टॉरंटांत वाजवतात, पुण्या-मुंबईतही वाजवतात. गोव्याला जाल तेव्हा एक संध्याकाळ समुद्राऐवजी त्यांना द्या. मंचाजवळचे टेबल मागा, फोन खिशात ठेवा, सोलो संपला की तिथल्या तिथे टाळी वाजवा, वादकाचे नाव आणि गाव विचारून घ्या, आणि जेवण पहिला सेट संपल्यावर मागवा.